भिंतीला ओल आली? रंगाऱ्याला बोलावण्याआधी एवढं करा

भिंतीवर डाग दिसला की पहिला फोन रंगाऱ्याला जातो, आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते. रंगारी बिचारा रंगाचंच बोलणार. तो पोपडे खरवडणार, पुट्टी भरणार, एक महागडं कोटिंग सुचवणार. पुढच्या पावसाळ्यात तोच डाग, त्याच जागी, थोडा मोठा होऊन परत हजर.

मी हे तीन वर्षं केलंय. आमच्या हॉलमध्ये खिडकीच्या डावीकडे ताटाएवढा डाग होता. पहिल्या वर्षी पुट्टी आणि रंग. दुसऱ्या वर्षी दुकानदाराने गळ्यात मारलेलं 'डॅम्पप्रूफ'. तिसऱ्या वर्षी तिथे टाइल्सच लावून टाकू, असं घरात ठरत आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या कामावर आलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने डागाकडे न बघता खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "ह्ये एसीचं भोक कुणी पाडलं?" पाइपासाठी पाडलेलं ते भोक बाहेरून आत उतरतं होतं. पावसाचं पाणी पाइपावरून ओघळत त्या भोकातून भिंतीत शिरायचं आणि दीड फूट खाली जाऊन हॉलमध्ये उगवायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! भोक बुजवलं, पाइपाला बाहेरच्या बाजूला खाली बाक दिला. अर्ध्या तासाचं काम होतं.

तेव्हापासून ओल दिसली की "काय लावायचं?" हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. आधी शोधायचं ते भिंत कधी ओली होते आणि कुठे ओली होते.

सगळ्यात आधी: धोका तर नाही ना?

स्विचबोर्डाच्या आसपास ओल असेल, बटणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बाकी सगळं राहू द्या. त्या बोर्डाचा एमसीबी (मेन बोर्डावरचा सुरक्षा-स्विच) पाडा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. छताला किंवा बीमला तांबूस-तपकिरी डाग दिसत असतील, काँक्रीटचे तुकडे पडत असतील, तर आतली सळई गंजून फुगतेय. तिथे हा लेख उपयोगाचा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पायरी पहिली: पेन्सिल

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मार्कर नको, तो नंतर रंगातून वर येतो. आठवडाभराने डाग रेघेबाहेर गेला असेल तर दुसरी रेघ, दुसरी तारीख. नकाशावर डोंगराच्या रेषा असतात तसं काहीतरी भिंतीवर तयार होईल. पाहुणे हसतील, हसू द्या. सोबत एका वहीत चार गोष्टी टिपा: पाऊस किती झाला, घरात पाण्याचा वापर नेहमीपेक्षा जास्त झाला का, एसी चालू होता का, आणि वरच्या मजल्यावरचे लोक घरात होते की गावाला गेले होते. शेवटची नोंद फार कामाची ठरते. वरचे पंधरा दिवस गावाला गेले आणि डाग आकसला, तर अर्धा तपास तिथेच संपतो.

दोन-तीन आठवडे एवढंच करा. घाई झाली असेल तरी करा.

पायरी दुसरी: वही काय सांगते?

घराच्या भिंतीत पाणी चारच वाटांनी येतं: पावसातून, घरातल्या पाइप-ड्रेनेजमधून, जमिनीतून किंवा हवेतून. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं असतं.

जोरदार सर आली आणि काही तासांत डाग गडद झाला, उघडीप पडल्यावर दोन-चार दिवसांत फिका पडला, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून येतंय. भेग, खिडकीची चौकट, छज्जा, एखादं भोक. आपल्याकडे मोसमी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी संशयित. कोकणात पावसाच्या बाजूच्या भिंतीला नारळाची झापं बांधतात ती उगाच नाही.

पाऊस सुरू होऊन आठवडा-दोन आठवडे गेल्यावर डाग आला आणि पाऊस संपला तरी दिवाळीपर्यंत हटत नाही, तर वर बघा. गच्चीवरच्या कोब्याखाली (वरच्या सिमेंटच्या थराखाली) विटांचे तुकडे भरलेले असतात. ते स्पंजासारखं पाणी पितात आणि सावकाश खाली सोडत राहतात. म्हणून "आज पाऊस नाही, तरी कसं गळतंय?" हा प्रश्न फसवा आहे.

बारा महिने ओल आहे, ऐन मे महिन्यातही भिंत गार आणि दमट लागतेय? मग पावसावर खापर फोडू नका. एक तर पाइप, नाही तर ड्रेनेज, नाही तर तळमजला असेल तर जमीन.

जुलै-ऑगस्टमध्ये कपाटामागे काळे ठिपके, कुबट वास, पण प्लास्टर शाबूत आणि पोपडे नाहीत? ती बहुधा हवेतली ओल. पुढे सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

पायरी तिसरी: डाग कुठे आहे?

जमिनीपासून वर दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा, वरची कड नागमोडी, त्या कडेवर पांढरी पावडर: जमिनीतून चढणारी ओल. विटा आणि त्यांच्यामधल्या दर्जा, म्हणजे सांधे, यांतली बारीक छिद्रं दिव्याच्या वातीसारखी पाणी वर ओढतात. ही ओल साधारण मीटरभर चढते, क्वचित थोडी जास्त. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर कोणी "जमिनीची ओल आहे" म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल असेल तर खिडकीची पट्टी आत उताराची आहे का बघा. छज्ज्याच्या खालच्या पृष्ठभागावर, कडेजवळ, पाणी टपकून पडावं म्हणून एक खाच ठेवायची असते. ती नसेल किंवा रंगाने बुजली असेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाने भिंतीपर्यंत येतं. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या चॅनेलला बाहेर पाणी जायला बारीक भोकं असतात. त्यात धूळ आणि मेलेले किडे अडकले की चॅनेल भरून आत सांडतो. टाचणीने साफ करा. खरंच, कित्येकदा एवढंच असतं.

छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात ओल असेल तर गच्ची किंवा वरच्याचं बाथरूम. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर कंबरेच्या खाली ओल असेल तर आधी स्वतःचंच बाथरूम. भिंतीच्या मधोमध एकटाच गोल डाग, आणि मागे कन्सील्ड, म्हणजे भिंतीत गाडलेला, पाइप? तिथे हाताचा तळवा ठेवा. गिझर चालू करून अंघोळ झाल्यावर जागा कोमट लागली तर गरम पाण्याची लाइन फुटलीय, यंत्राची गरज नाही.

पायरी चौथी: खात्री करून घ्या

इथपर्यंत नुसता संशय आहे. आता चाचण्या. एक नियम पाळा: एका वेळी एकच चाचणी, आणि दोन चाचण्यांच्या मध्ये भिंतीला उसंत द्या. सगळी पाणी एकदम सोडली की कुठलं पाणी मुरतंय ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

*फॉइलचा तुकडा.* स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन डागावर ठेवा आणि चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. भिंत भुसभुशीत असेल तर टेप बसत नाही, आधी खरवडून घ्या. एक-दोन दिवसांनी बघा. फॉइलच्या बाहेरच्या, खोलीकडच्या बाजूला घाम असेल तर हवेतलं पाणी. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे ओलं असेल तर दोन्ही कारणं आहेत. असंही असतं, आणि बऱ्याचदा असतं.

*मीटर.* बंगला किंवा स्वतंत्र नळजोड असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचे आकडे लिहून ठेवा, सकाळी परत बघा. टाकीचा बॉलकॉक (टाकी भरली की बंद होणारा तरंगता नळ) चालू राहिला तर आकडा त्यानेही पुढे जाईल, म्हणून टाकी भरल्यावर तिचा व्हॉल्व्हही बंद करा. फ्लॅटमध्ये हे जमत नाही. तिथे प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या: नळांना बूच मारून लाइनमध्ये हातपंपाने दाब भरतात आणि काटा बघत बसतात. काटा खाली सरकला तर लाइन कुठेतरी सुटलीय. टाइल्स फोडण्याआधी हे करायला लावा. फोडायला सगळेच उत्सुक असतात.

*बाथरूम.* इथे क्रम महत्त्वाचा. दोन दिवस बाथरूम वापरू नका (दुसरं असेल तर, नसेल तर शेजारधर्म उपयोगी पडतो). मग नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडात) ओलं फडकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट कोंबा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, त्यात खाण्याचा रंग मिसळा आणि पातळीला टाइलवर खूण करा. चोवीस तासांत पातळी बोटभर उतरली किंवा खाली रंगीत पाणी दिसलं तर फरशी किंवा ट्रॅपचा सांधा दोषी. काही झालं नाही तर फडकं काढून पाणी एकदम सोडा. आता गळलं तर दोष ट्रॅपच्या पुढच्या ड्रेनेज पाइपात. तेही ठीक असेल तर शॉवर फक्त भिंतीवर वीस मिनिटं मारा: टाइल्समधल्या फटींत भरलेलं ग्राउट निघालंय का ते कळेल.

फ्लॅटच्या बाथरूमचा एक छुपा प्रकार सांगून ठेवतो. बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे भरतात. वर्षानुवर्षं थेंबथेंब गळून तो खड्डा टाकीसारखा भरतो. म्हणून सांधा दुरुस्त केल्यावरही खाली कित्येक आठवडे टपकत राहतं आणि खालच्या मजल्यावरचे काका रोज जिन्यात गाठून "काही फरक नाही हो" म्हणतात. पेन्सिलीची रेघ दाखवा त्यांना. डाग वाढायचा थांबला असेल तर काम झालंय, फक्त जुनं पाणी निचरतंय.

*गच्ची.* मे महिन्यात पन्हळीची तोंडं बुजवून, चार बाजूंनी मातीचा बांध घालून दोन-तीन दिवस पाणी साठवतात. इंचभर पुरे. एका चौरस मीटरवर एक इंच पाण्याचं वजन पंचवीस किलो होतं. जुन्या इमारतीत गुडघाभर पाणी भरणाऱ्यांना हे सांगा. त्याआधी नुसत्या डोळ्यांनी फरशी आणि कठडा मिळतात तिथला सिमेंटचा गोल वाटा (कोपरा भरून काढणारी गोलाई) बघा, कठड्याच्या माथ्यावरच्या भेगा बघा, पाइप स्लॅबमधून जातो ती जागा बघा. मधल्या फरशीपेक्षा पाणी या कडांतूनच जास्त शिरतं. कठड्यात पिंपळाचं रोप उगवलेलं असेल तर पुरावा आयताच मिळाला.

*बाहेरची भिंत.* बागेचा पाइप घ्या आणि फवारा खालून वर मारत जा. आधी खिडकीच्या खालचा भाग पंधरा-वीस मिनिटं, मग खिडकीच्या बाजू, मग छज्जा, मग त्याच्या वरची भिंत. आत एक माणूस टॉर्च तिरपी धरून डागापाशी बसवा, फोन चालू ठेवा. ज्या टप्प्यावर तो "आलं, आलं!" ओरडेल तिथे भेग. लोक वरून सुरुवात करतात आणि पाणी खालच्या सगळ्या भेगा भिजवत उतरतं. मग काहीच सिद्ध होत नाही. उंच इमारतीत हे स्वतः करायला जाऊ नका, दोरीवर काम करणारे प्रशिक्षित लोक बोलवा.

हवेतल्या ओलीची गोष्ट

पावसाळ्यात खोलीत २७ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही मुंबई-कोकणात अगदी साधी गोष्ट. अशा हवेला २३ अंशांच्या आसपासचा पृष्ठभाग मिळाला की तिच्यातलं पाणी त्यावर बसायला लागतं, गार पाण्याच्या तांब्याला घाम येतो तसं. आता शेजारच्या खोलीत रात्रभर एसी २० वर चालतोय असं धरा. मधली भिंत गार होते आणि तिला घाम फुटतो तुमच्या बाजूला. तुम्ही पाइप शोधत बसता, भिंतीत पाइपच नसतो. वहीतली 'एसी चालू होता का' ही नोंद इथे कामी येते. एसी शेजाऱ्याचा असेल तर गोडीत विचारून घ्या.

कपाट भिंतीला चिकटून असेल तर मागे हवा खेळत नाही आणि बुरशी धरते. चार बोटं अंतर सोडा. ओले कपडे बंद खोलीत वाळत घालण्याची पावसाळी सवयही याला खतपाणी घालते. थंड देशांत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक भर: तिथे हाच प्रकार हिवाळ्यात, बाहेरच्या थंड भिंतींवर आणि खिडक्यांवर होतो; ऊब आत कोंडून कुकरच्या शिट्ट्या काढल्या की भिंत ओली होणारच. तिथे आधी हवा बाहेर जायची सोय बघा.

लोणा आणि जुनी घरं

भिंतीवरची पांढरी पावडर बोटाने चोळून बघा. खडबडीत, मिठासारखी कुरकुरली आणि पाण्याच्या थेंबात विरघळली तर तो लोणा: विटा, माती, सिमेंट यांतले क्षार पाण्यासोबत पृष्ठभागावर येतात, पाणी उडून जातं, क्षार राहतात. मऊ, तंतूतंतू असेल आणि कुबट वास असेल तर बुरशी. लोण्याची खोड अशी की यातले काही क्षार हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतात. मूळ गळती बंद झाली तरी दमट दिवसांत तीच जागा पुन्हा ओली दिसते. म्हणून लोणा लागलेलं प्लास्टर वरून रंगवायचं नसतं. डागाच्या पुढे फूटभर जाऊन विटेपर्यंत काढून टाकायचं. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलात तर तो परत आत जातो.

बाजारातलं दोन टोचण्यांचं ओलावामापक इथेच फसवतं. ते मुळात लाकडासाठी बेतलेलं असतं, आणि क्षार असले की कोरड्या भिंतीवरही आकडा चढवून दाखवतं. ते दाखवून कोणी हजारोंचं इंजेक्शन-केमिकल गळ्यात मारत असेल तर सावध. दोन जागांची तुलना करायला ते बरं, निकाल द्यायला नाही.

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तिथे चूक बहुतेक वेळा आपणच केलेली असते. जांभा सच्छिद्र. तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ द्यायचा. मग आपण गावच्या घराला 'पक्कं' करायचं म्हणून आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर आणि वर ऑइलपेंट चढवतो. पाणी बारीक भेगांतून शिरतंच, पण बाहेर पडायची वाट बंद होते, आणि ओल आणखी वर चढते. टाइल्सचंही तेच. ओलसर भिंतीला तीन फूट टाइल्स लावल्या की दोन वर्षांत ओल साडेतीन फुटांवर दिसते.

जमिनीच्या ओलीचा शिक्का मारण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. अंगणाला नवा कोबा घालताना जोत्याची उंची गिळली गेलीय का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा, मातीचा ढीग? पागोळ्या थेट जमिनीवर पडून शिंतोडे भिंतीच्या पायथ्याला उडतात का? पन्हळ लावली, माती हातभर दूर ओढली, उतार उलटा केला, की निम्म्या 'जमिनीच्या ओली' आपोआप ओसरतात.

कारण सापडलं. खर्च कोणाचा?

थोडक्यात: महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या सामाईक पाइपलाइन आणि पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी, तर फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती त्या सभासदाची. नवं घर असेल तर २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यानुसार ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. दोन्हीकडे लेखी अर्ज, आणि सोबत तारखा लिहिलेल्या त्या पेन्सिल-रेघांचे फोटो. "फार ओल येते हो" या तक्रारीपेक्षा ते फोटो खूप काही बोलतात.

आणि रंग?

भिंत वाळू द्या. ढोबळ हिशोब असा की इंचभर जाडीला एक महिना. नऊ इंची वीटकाम दोन्ही बाजूंनी मोकळं असेल तर लवकर, एका बाजूने टाइल्स असतील तर त्याहून उशिरा. पंख्याने पृष्ठभाग वाळतो, पोट नाही. वाटल्यास फॉइल परत लावा. दोन दिवसांनी मागची बाजू कोरडी निघाली की रंगाऱ्याला फोन.

अडचण एवढीच की आपल्याकडे रंग दिवाळीला काढायचा असतो, आणि दिवाळीत भिंत वर्षातली सगळ्यात जास्त पाणी प्यायलेली असते. फेब्रुवारी ते मे हा खरा काळ. तोवर पाहुण्यांची लाज वाटत असेल तर डागावर कालनिर्णय टांगा. फक्त वरच्या खिळ्यावर एक बूच अडकवून ते भिंतीपासून जरा पुढे घ्या, मागे हवा खेळू दे.